सावित्रीच्या खाडीत भरती-ओहोटीवर वीज करता येईल का?

सावित्रीकाठ (मंडणगड तालुका)

नमस्कार मंडळी,

मी बाणकोटच्या आत, सावित्रीच्या खाडीकाठी राहतो. ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, शिक्षण आयटीआय, वायरमन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे पोल काड्यांसारखे मोडले. वीज परत यायला कित्येक आठवडे गेले. विहिरीवरचे पंप बंद, मोबाईल बंद, आरोग्य केंद्रातल्या लसींचं काय करायचं म्हणून धावपळ. त्या सगळ्या दिवसांत खाडी मात्र रोज दोनदा भरत होती आणि दोनदा सुकत होती. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की एवढं पाणी दाराशी चढतं-उतरतं, त्यातून गावापुरती वीज का निघू नये?

थोडी मोजमापं केली आहेत, ती देतो. जेटीच्या खांबावर रंगाच्या खुणा करून टेप लावला. पुनवेच्या उधाणाला भरती आणि सुकती (ओहोटी) यांतला फरक २.६ मीटर आला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं तेव्हा, १.१ मीटर. गावाच्या वर खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याचं तोंड अरुंद आहे आणि आत पाणी पसरतं साधारण एक चौरस किलोमीटर. काठाला कांदळवन आणि खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला जुना खारबंधारा.

माझे प्रश्न असे:

त्या फाट्याच्या तोंडावर बांध घालून, दारं बसवून, आतलं पाणी सुकतीला टर्बाइनमधून सोडलं तर किती वीज मिळेल? बांध न घालता नुसतं प्रवाहात पंख्यासारखं टर्बाइन टाकलं तर? आणि देशात कुठे असं काही चालू आहे का, जाऊन बघता येईल असं?

सोलर करा असं सगळे सांगतात. पण आमच्याकडे वीज जाते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात सूर्य कुठे दिसतो? भरतीला ढगांचं काही देणंघेणं नाही. म्हणून विचारतोय.

---

पर्वतीपायथा

करता येईल की! फ्रान्समध्ये १९६६ पासून भरती-ओहोटीवर २४० मेगावॉटचं केंद्र चालू आहे, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान. आपल्या महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा, डझनावारी खाड्या आणि अजून एक मेगावॉटसुद्धा नाही. इच्छाशक्ती नाही, दुसरं काय.

---

रान्सकाठची

दादा, मापं घेऊन प्रश्न विचारलात त्याबद्दल आधी मनापासून आभार. त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं.

मी मूळची गुहागरची. मेकॅनिकल इंजिनियर आहे, नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतात राहते. वर ज्या केंद्राचा उल्लेख आलाय ते रान्स नदीच्या मुखावर, सँ-मालो आणि दिनार या दोन गावांच्या मधे आहे. त्या धरणावरूनच रस्ता जातो, आम्ही ये-जा करतो. बोटींसाठी एका टोकाला लॉक आहे, म्हणजे दोन दारांमधली कुंडी, जिच्यातून बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. बोट जायची असली की पूल उचलतात आणि गाड्या दोन्ही बाजूंना थांबतात. तेव्हा खाली उतरून कठड्यावरून पाणी बघावं. एका बाजूला समुद्र कितीतरी खाली गेलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला आतलं पाणी काठोकाठ. तो फरक म्हणजेच वीज. मला ते केंद्र फार आवडतं, हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्या विरोधात वाटेल.

सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. आत अडवलेल्या पाण्यात किती ऊर्जा आहे, ते भरती-सुकतीतल्या फरकाच्या वर्गावर ठरतं. फरक दुप्पट तर ऊर्जा चौपट. का, तर पाणीही दुप्पट साठतं आणि ते पडतंही दुप्पट उंचीवरून. सोपं सूत्र देते, कागदावर करून बघा: एक चौरस किलोमीटर तळ्यासाठी, एका भरतीमागे, मीटरमधल्या फरकाचा वर्ग गुणिले १४००, इतकी युनिटं. ही कागदावरची कमाल. प्रत्यक्षात त्यातला तिसरा हिस्सा मिळाला तर पुष्कळ.

रान्सवर पडताळून बघू. तिथं तळं साधारण २२ चौरस किलोमीटर, सरासरी फरक ८ मीटर, मोठ्या उधाणाला साडेतेरापर्यंत जातो. ८ चा वर्ग ६४, गुणिले १४००, गुणिले २२ म्हणजे एका भरतीला सुमारे १९.७ लाख युनिट. वर्षात अशा साधारण ७०५ भरत्या येतात, कारण दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात. कागदावर झाले जवळजवळ १३९ कोटी युनिट. प्रत्यक्षात ते केंद्र वर्षाला ५० कोटींच्या आसपास देतं. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. आणि ते जगातल्या उत्तम जागांपैकी एक आहे.

आता तुमचा फाटा. २.६ चा वर्ग ६.७६ आणि १.१ चा १.२१. महिन्याची सरासरी धरली तर वर्ग ४ च्या आसपास येतो. एक चौरस किलोमीटरला एका भरतीमागे ५,६०० युनिट, दिवसाच्या दोन भरत्यांचे ११,२००. तिसरा हिस्सा म्हणजे ३,७००. तोही खूप उदारपणे, कारण इतक्या कमी उंचीवर टर्बाइन नीट चालत नाहीत. ३,७०० युनिट ऐकायला चांगले वाटतात, गावाला पुरून उरतील. पण महाराष्ट्रात एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे तेवढीच वीज ९००-९५० किलोवॉट सोलरमधून मिळते आणि त्याला साडेचार-पाच एकर जागा पुरते. तुमचा एक चौरस किलोमीटर म्हणजे २४७ एकर. २४७ एकर जिवंत खाडी अडवून पाच एकर माळाइतकी वीज.

शिवाय ती वीज सारखी नाही. उधाण आणि भांग यांच्या वर्गांत साडेपाच पटींचा फरक आहे. अष्टमीच्या आठवड्यात गावाला उधाणाच्या मानाने पाचवा हिस्साही मिळणार नाही, आणि हे दर पंधरवड्याला.

रान्सची यंत्रं बघण्यासारखी आहेत. १० मेगावॉटची एक, अशी २४. प्रत्येक टर्बाइनचा जनित्र एका पाणबंद, फुगीर पोलादी कोशात, पाण्याच्या वाटेतच बसवलेला, म्हणून त्यांना बल्ब टर्बाइन म्हणतात. ती दोन्ही दिशांनी चालतात आणि पंप म्हणूनही. भरती टोकाला पोचली की थोडी वीज खर्चून आणखी पाणी आत ढकलतात. तेव्हा आतबाहेर पातळी जवळपास सारखी असते, त्यामुळे फार कष्ट पडत नाहीत. काही तासांनी तेच पाणी कित्येक मीटर उंचीवरून परत खाली येतं आणि घेतल्यापेक्षा जास्त देऊन जातं. खाऱ्या पाण्यात पोलाद टिकावं म्हणून सगळ्यात सौम्य विद्युतप्रवाह सोडून गंज रोखतात. हे सगळं बसवताना १९६३ ते १९६६ अशी तीन वर्षं नदीचं मुख समुद्रापासून पूर्ण तोडलं होतं. आतली खारट-गोड्याची घडी मोडली, कितीतरी जीव संपले. नव्याने काही घडी बसायला दहाएक वर्षं गेली. मासे परतले, पण पूर्वीचे सगळे नाहीत, आणि वरच्या भागात गाळ साचतोय तो प्रश्न आजही आहे.

पर्वतीपायथा, म्हणून मला ‘इच्छाशक्ती नाही’ हे पटत नाही. साठ वर्षांत खुद्द फ्रान्सनेही दुसरं असं मोठं केंद्र बांधलेलं नाही. ब्रिटनमध्ये स्वान्सीच्या आखातात ३२० मेगावॉटचा आराखडा तयार होता, तिथे भरती प्रचंड आहे, तरी २०१८ मध्ये सरकारने खर्च बघून नकार दिला. कॅनडात अ‍ॅनापोलिस रॉयलचं २० मेगावॉटचं केंद्र १९८४ पासून चाललं आणि २०१९ मध्ये बंद झालं. टर्बाइनमधून जाताना मासे मरतात हा तिथला जुना वाद होता. आणि ते फंडीच्या उपसागरावर होतं, जिथे काही ठिकाणी फरक १६ मीटरपर्यंत जातो!

---

घोघाबंदर

ताईंनी गणित मांडलं आहेच, देशातलं मी सांगतो. बरीच वर्षं भावनगरला आहे.

खंभातच्या आखातात भरतीचा फरक ११ मीटरपर्यंत जातो, सरासरी पावणेसात. कच्छच्या आखातात कमाल ८, सरासरी सव्वापाच. आपल्याकडे ताकद आहे ती इथे. अलंगला मोडीत काढायची जहाजं उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात आणि सुकतीला ती चिखलात कोरडी उभी राहतात, ते बघितलं की ११ मीटर म्हणजे काय ते कळतं. भावनगर बंदराला तर लॉकगेट आहे, नाहीतर सुकतीला धक्क्यावरच्या बोटी तळाला टेकतील. सरकारी अंदाजात खंभातला ७,००० मेगावॉट, कच्छला १,२०० आणि सुंदरबनात १०० पेक्षा कमी, असे आकडे वर्षानुवर्षं येतात.

पण ‘जाऊन बघता येईल असं’ म्हणाल तर काही नाही. कच्छमध्ये मांडवीजवळ ५० मेगावॉटची घोषणा २०११ मध्ये झाली होती. अंदाज ७५० कोटींचा, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. सुंदरबनात दुर्गादुआनीच्या खाडीवर ३.७५ मेगावॉटचं ठरलं, खर्च निघाला २३८ कोटी. मेगावॉटला ६३ कोटींच्या वर. दोन्ही सोडून दिले. सोलर मेगावॉटला चार-पाच कोटींत होतं, तिथे याला पैसे कोण देणार? खंभातच्या पाण्यात गाळही इतका असतो की ते पाणी बाराही महिने गढूळच. तो गाळ धरणाच्या आत बसायला किती वेळ लागेल, याची मला जास्त काळजी वाटते.

केरळात विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासने १५० किलोवॉटचं केंद्र उभं केलं होतं, ते लाटांवर चालणारं. भरतीशी त्याचा संबंध नाही. पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात म्हणून लिहिलं.

---

सावित्रीकाठ

सगळ्यांचे आभार. २४७ एकरांचा हिशेब वाचून बांधाचा विचार मी सोडला. त्या फाट्यावर आमच्या वाडीतली निम्मी घरं जगतात. बायका सुकतीला कालवं फोडतात, चिंबोऱ्या धरतात. जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो आणि त्याची पिल्लं परत वर येतात. तोंडच बंद झालं तर ते सगळं संपलं. हे मला ताईंच्या आधी सुचायला हवं होतं असं आमच्या आईचं म्हणणं!

पण प्रवाहाचा प्रश्न राहिला. काल चतुर्दशीचं उधाण होतं. जेटीपासून पुढे ५० मीटर दोरीने मोजले आणि अर्धवट पाणी भरलेला शहाळ्याचा नारळ सोडला. सुकती जोरात असताना त्याला ५० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला १ मीटर. दोन-तीनदा करून बघितलं, थोडाफार इकडेतिकडे तेवढाच वेग. यावर काय मिळेल? आणि खारबंधाऱ्याची उघाडी (आतलं पाणी बाहेर सोडायची दाराची वाट) आहे, तिच्या तोंडाशी पाणी याहून जोरात जातं. तिथे छोटं टर्बाइन बसेल का? बंधारा तर आधीपासूनच आहे.

---

खाजनकार (तिसवाडी, गोवा)

उघाडीचं मी सांगतो. आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतीत, तिला मानस म्हणतात. आमच्या घराण्याकडे बांधाची आणि मानशीची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मानशीचं लाकडी दार पाण्याच्या जोरावर आपोआप चालतं. भरती आली की पाणी बाहेरून दाबतं आणि दार मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला आतलं पाणी दाबतं आणि दार उघडतं. माणसाला हात लावावा लागत नाही. पण हे चालतं कारण वाट पूर्ण मोकळी असते. त्या तोंडात यंत्र टाकलंत तर पाणी तुंबेल. पावसाळ्यात वरून पूर येतो आणि त्याच वेळी बाहेर उधाण असतं, तेव्हा सुकतीचे जे तीन-चार तास मिळतात त्यात शेतातलं पाणी निघालंच पाहिजे. अर्धा तास उशीर झाला तर भात कुजतं, बांधही फुटू शकतो. एकदा बांध फुटला आणि शेतात खारं पाणी बसलं की जमीन पूर्ववत व्हायला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात.

दुसरं, मानशीच्या तोंडावर जाळं लावून जी मासळी मिळते तिचा लिलाव होतो. त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हायची, अशी आमची जुनी रीत. तिथं फिरतं पातं ठेवलं तर मासळी गेली आणि पैसेही गेले. आणि कचरा! आज पाण्यातून प्लास्टिक इतकं येतं की नुसतं जाळंसुद्धा दर फेरीला साफ करावं लागतं.

माझं ऐकाल तर उघाडीला हात लावू नका.

---

रान्सकाठची

खाजनकार काकांशी पूर्ण सहमत. कोरियात सिह्वाला २५४ मेगावॉटचं केंद्र २०११ मध्ये सुरू झालं, आज जगातलं सगळ्यांत मोठं. ते परवडलं याचं एक मोठं कारण म्हणजे भिंत १९९४ पासून उभी होती. समुद्र अडवून गोड्या पाण्याचं तळं करायचं ठरलं होतं, पण आत कारखान्यांचं सांडपाणी साठून पाणी सडलं. मग टर्बाइनसाठी भिंत उघडली, समुद्राचं पाणी पुन्हा आतबाहेर खेळू लागलं आणि तळं सुधारलं. वीज ही तिथे बिघडलेल्या पाण्यावरच्या उपायाबरोबर आली. तुमच्या बंधाऱ्याच्या आत सडलेलं काही नाही, भातशेती आहे. दुरुस्त करायला काही मोडलेलंच नाही.

आता प्रवाह. इथे वेगाचा घन लागतो. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर एक चौरस मीटर तोंडातून ५१२ वॉट वाहतात. चांगलं टर्बाइन त्यातले ३५ टक्के घेईल, म्हणजे १८० वॉट. तेही फक्त ऐन जोराच्या वेळी, कारण प्रवाह दर सहा तासांनी थांबून उलटतो. पूर्ण भरती-सुकतीची सरासरी काढली तर ७५ वॉट. दोन मीटर व्यासाचं पातं घेतलं तर उधाणाच्या दिवशी साडेपाच युनिट मिळतील. भांगाला तुमचा वेग निम्म्याहून खाली येईल. तेव्हा घनाच्या हिशेबाने अर्धं युनिटही निघत नाही, आणि बहुतेक पाती तेवढ्या प्रवाहात फिरायलाच लागत नाहीत. स्कॉटलंडमध्ये पेंटलंडच्या सामुद्रधुनीत दीड-दीड मेगावॉटची चार टर्बाइनं तळाशी बसवली आहेत. तिथे पाणी सेकंदाला चार-पाच मीटरने धावतं. ४ चा घन ६४. तुमच्या एका चौरस मीटरला १८० वॉट, तिथे तेवढ्याच तोंडाला साडेअकरा हजार.

अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, कारण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं तुम्हाला ठाऊकच असणार. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला बाराच्या सुमारास. म्हणजे पुनव-अवसेला संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण सुकती आणि अष्टमीला त्याच वेळेला पूर्ण भरती. दोन्ही वेळा पाणी उभं असतं. उधाण असो की भांग, दिवे लावायच्या वेळेला तुमचं टर्बाइन थांबलेलं असेल. बॅटरी तर इथेही लागणारच.

म्हणून पावसाळ्याच्या मुद्द्यावर येते, तो तुमचा सगळ्यांत खरा मुद्दा आहे. आषाढ-श्रावणात सोलर निम्म्यावर येतं, कधी त्याहून खाली. मग निम्म्यावर आल्यानंतरही पुरेल इतकं बसवायचं. आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज, चार दिवे, मोबाईल चार्जिंग आणि पिण्याच्या पाण्याचा एक छोटा पंप, याला दिवसाला सात-आठ युनिट धरा. ५ किलोवॉट पॅनेलं वर्षाच्या सरासरीला २० युनिट देतात, भर पावसात ८-१० देतील. दोन दिवस सूर्य अजिबात दिसला नाही तर काय, म्हणून १५ युनिटची लिथियम बॅटरी. त्या पलीकडे एक छोटा डिझेल जनरेटर, गरज पडली तरच.

तुम्ही वायरमन आहात, तेव्हा खरं काम पॅनेलं टिकवण्याचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. निसर्गमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर होता. पत्र्याच्या छपरावर नुसत्या क्लॅम्पने लावलेली पॅनेलं छपरासकट जातात. आरसीसी स्लॅब असलेली इमारत निवडा. चौकट गरम जस्तलेपाची, नटबोल्ट स्टेनलेस. पॅनेलांचा उतार १०-१५ अंशांच्या वर नेऊ नका, वाऱ्याला कमी तोंड मिळेल. स्लॅब आणि पॅनेल यांत हवा जायला फट हवी, आणि कडेपासून मीटरभर आत. ठेकेदाराकडून वाऱ्याच्या भाराचा हिशेब लेखी मागा. इमारतीचं माप आणि स्लॅबचे फोटो इथे टाकलेत तर चौकटीचं चित्र मी काढून देते.

---

सावित्रीकाठ

ताई, शाळेचा स्लॅब २२ बाय ९ मीटर आहे, आरोग्य केंद्राचा त्याहून लहान. शाळेच्या स्लॅबला पूर्व बाजूने गळती आहे, ती आधी बंद करावी लागेल. दोन्हीचे फोटो रविवारी टाकतो. फ्रीज किती वॉटचा आहे तेही प्लेटवरून बघून येतो.

बॅटरी जमिनीपासून किती वर ठेवायची? उधाण आणि पूर एकत्र आले की आरोग्य केंद्राच्या ओट्याला पाणी लागतं.

---

रान्सकाठची

आजवरची सगळ्यांत वरची पाण्याची खूण शोधा, जुन्या माणसांना विचारून. त्याच्या वर किमान एक मीटर. भिंतीवर कंस ठोकून बसवा, जमिनीवर नको. इन्व्हर्टर आणि मुख्य स्विच त्याच उंचीला. खाऱ्या हवेसाठी बंद पेटी घ्या, तिच्या केबलच्या वाटा खालून.